धाकट्याला घेऊन जहाजावर

“धाकटा तुझ्यापाशी एक रात्र बी न्हाई राहायचा. त्याला ठेवून जा,” असं सासूबाई मेथी निवडता निवडता म्हणाल्या आणि माझं डोकंच फिरलं. बोलल्या साध्या आवाजात. आभाळ आलंय, वाळवण काढून घे, असं सांगावं तसं. त्याचाच मला जास्त राग आला. टोमणा असता तर उलटून बोलता तरी आलं असतं.

“का नाही राहणार? माझंच पोरगं आहे,” मी म्हणाले.

“तुझंच हाय. न्हाई कोण म्हणतंय?” असं म्हणून त्यांनी दुसरी जुडी सोडली.

विषय चालला होता जहाजाचा. नांदेडात आमचं रंगाचं दुकान आहे, घराच्या भिंतींना देतात त्या रंगाचं. दुकानदारांनी जास्त माल विकावा म्हणून कंपन्या स्कीम काढतात. आमच्या नशिबात आजवर एक मिक्सर आणि एक चाकांची बॅग एवढंच आलं होतं. या वेळी मात्र ह्यांनी वर्षभर मान मोडून माल खपवला आणि नवरा-बायकोला मुंबईहून गोव्याला जाऊन यायची जहाजाची सहल लागली. पोरांचं आपण भरायचं. ह्यांनी फोनवर फोटो दाखवले तेव्हा मला आधी ती कुठली तरी मोठी इमारत वाटली. आम्ही आजवर बसलो होतो ते गोदावरीतल्या होडीत, तेही घाटापासून पलीकडं जाऊन परत यायला. आठ वर्षांच्या थोरलीनं त्याच दिवशी शाळेत सगळ्यांना सांगून टाकलं. धाकटा चार वर्षांचा. त्यानं एवढंच विचारलं, “आई येणार हाय का?”

ही आई म्हणजे मी नव्हे. हे त्यांच्या आईला आई म्हणतात, मीही सासूबाईंना आई म्हणते, म्हणून पोरगंही त्यांनाच आई म्हणतं. मी मम्मी. मी हिमायतनगरला जमीनमोजणीच्या सरकारी कचेरीत नोकरी करते, नांदेडहून रोज अप-डाऊन. उजाडता उजाडता निघते, दिवे लागल्यावर येते. दिवसभर खिडकीवर बसून असते. शेजाऱ्यानं बांध कोरला म्हणून लोक माझ्यावर ओरडतात आणि मी त्यांच्यावर ओरडते. घरी येते तोवर धाकटा जेवून सासूबाईंच्या मांडीवर पेंगत असतो. त्यानं पहिलं पाऊल टाकलं ते त्यांच्यासमोर. ताप आला की त्यांच्या कुशीत, पडला की त्यांच्या पदराला. मी उचलायला गेले तर येतो, नाही असं नाही, पण पाहुण्यांकडं जातात ना पोरं, तसा अंग चोरून.

मला वाईट वाटायचं. त्यात काय लपवायचं? बसमध्ये खिडकीला डोकं टेकवून मी कितीदा तरी मनात म्हटलंय की नऊ महिने मी वागवलं आणि मीच उपरी. सासूबाईंचं काही चुकत नव्हतं. त्या नसत्या तर माझी नोकरी कधीच सुटली असती. पण हे कळत असलं म्हणून काही वाईट वाटायचं थांबत नाही.

तर त्या दिवशी मी ठरवलं, न्यायचंच याला. मला ना गोवा बघायचा होता, ना जहाजावरचा पोहायचा तलाव. मला एवढंच पाहिजे होतं की या पोरानं एकदा, एकदा तरी घाबरून माझ्याकडं पळत यावं. तीन रात्री. मध्ये कचेरी नाही, सासूबाई नाहीत, पळून जायला दुसरी मांडी नाही. बघू या कसा राहत नाही ते.

“तुम्ही पण चला की, आई,” मी म्हणाले. विचारायचं म्हणून विचारलं, हे त्यांनाही कळलं.

“नको ग बाई. मला आपलं जमिनीवर बरं हाय,” त्या म्हणाल्या. आणि निघायच्या दिवशी पहाटे उठून त्यांनी धाकट्यासाठी दशम्या केल्या. दुधात पीठ मळून, गूळ घालून, त्याला आवडतात तशा तळहाताएवढ्या. स्टीलचा डबा गच्च भरला आणि माझ्या हातात देत म्हणाल्या, “दुसरं काही न्हाई खाल्लं तरी हे खातो त्यो.” मी डबा घेतला. मनात म्हटलं, दशमीनं का होईना, पोट भरू दे त्याचं.

मुंबईच्या बंदरावर पोचलो तर पहिला दणका तिथंच बसला. सामान तपासणाऱ्यानं डबा बाहेर काढला. घरचं शिजवलेलं जहाजावर चालत नाही म्हणे. मी भांडले. लहान लेकरू आहे, दुसरं काही खात नाही, आत काय विष आहे का, सगळं बोलून झालं. तो माणूस शांतपणे हिंदीत म्हणाला, “मॅडम, नियम में नहीं बैठता.” अरे देवा! हेच वाक्य मी रोज खिडकीतून लोकांच्या तोंडावर मारत असते. ह्यांनी तिथंच उभ्या उभ्या तीन दशम्या खाल्ल्या, थोरलीनं दोन खाल्ल्या, धाकट्यानं एक हातात धरली, तिच्याकडं त्या माणसानं काणाडोळा केला, आणि बाकीच्या एका हमालाला देऊन टाकल्या. रिकामा डबा मी बॅगेत कोंबला.

जहाज बघून मात्र सगळा राग उतरला. खरं सांगते, मान दुखेस्तोवर मी वर बघत राहिले. आत काचेची लिफ्ट, पायाखाली गालिचे, कुठं तरी पियानो वाजतोय, जो तो हसून नमस्कार करतोय. आपल्याकडं लग्नातसुद्धा इतकं हसून कुणी बोलत नाही. आधी सगळ्यांना गोळा करून जीव वाचवायची नारिंगी जाकिटं कशी घालायची ते शिकवलं. धाकट्याला ते जाकीट इतकं आवडलं की काढू देईना. गुडघ्यापर्यंत येत होतं. तसाच खोलीपर्यंत चालत आला, म्हटलं चला, सुरुवात तर बरी झाली.

आमची खोली आतल्या बाजूची, खिडकी नसलेली. पलंग, वर भिंतीतून खाली येणारे पोरांचे दोन बिछाने, एक कपाट, आणि कपाटाएवढीच न्हाणी. न्हाणीत ना बादली ना मग. धाकटा शौचाला बसला, उठला, आणि थोरलीनं बटण दाबलं. जहाजातली शौचालयं पाणी टाकून वाहत नाहीत, हवेनं ओढून घेतात. असा काही आवाज झाला, भस्सकन, की मीही दचकले. धाकटा किंचाळत बाहेर पळाला. मी हात पसरलेच होते. माझ्या हाताखालून निसटून तो ह्यांच्या पायाला जाऊन बिलगला आणि “आईकडं जायचंय” म्हणून रडायला लागला.

मी हात धुवायला नळ उघडला, रडू आवरायला म्हणा ना. आणि नळाला हे एवढं पाणी! मोठ्या धारेनं. आता मी लातूरची. लातूरच्या माणसासमोर नळ असा वाहायला लागला की डोकं आपोआप चालू होतं. मी विचार केला, चारी बाजूंना खारट समुद्र, म्हणजे गोडं पाणी यांनी टाकीत भरून आणलेलं असणार. माणसं हजारोंनी. सगळे अंघोळी करणार, पोरं नळ उघडे टाकणार. मग हे पाणी तीन दिवस पुरणार कसं? उद्या दुपारी नळ कोरडा पडला तर मी पोरांना घेऊन कुणाच्या दारात जाऊ?

मग काय, भरायला लागले. आधी प्यायच्या बाटल्या. मग पेले. मग बर्फ ठेवायचं एक भांडं होतं ते. मग कचऱ्याचा डबा स्वच्छ घासून धुतला, तो भरला. न्हाणीत मी तरी उभी राहणार नाही तर डबा तरी, एवढीच जागा, म्हणून तो बॅग ठेवायच्या स्टँडवर ठेवला. सासूबाईंचा दशम्यांचा डबाही भरला. कपडे धुवायला टाकायच्या दोन प्लास्टिकच्या पिशव्या कपाटात लटकत होत्या, त्याही भरून, गाठ मारून, वरच्या फळीवर ठेवल्या. ह्यांचा नवा कोट त्याच फळीखाली टांगलेला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सगळ्या दुकानदारांना बक्षीस द्यायचा कार्यक्रम होता, त्यासाठी शिवला होता.

“अगं, काय करून राहिलीस?” ह्यांनी दारात उभं राहून विचारलं.

“पाणी भरून ठेवतेय.”

“जहाजावर?”

“तुम्हाला काय कळतंय? तुमच्या गावाला गोदावरी आहे.”

हे पोट धरून हसले. लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं, त्याच उन्हाळ्यात हे मला बघायला आले होते. माझ्या आईनं पाहुण्यांना अर्धा अर्धा पेला पाणी दिलं. ह्यांनी ते घटकन पिऊन वर विचारलं, “आणखी मिळंल का?” आईचा चेहरा मला अजून दिसतो. तरी बिचारीनं दिलं, आणि मुलगीही दिली. तेव्हापासून पाण्यावरून मला चिडवायची एकही संधी ह्यांनी सोडलेली नाही.

संध्याकाळी आम्ही सगळे वर डेकवर गेलो. जहाज हललं तेच आधी कळलं नाही, मुंबईच मागं सरकायला लागली. थोरली कठड्याला धरून नाचत होती. खाली पाण्यावर सोनेरी ऊन, वारा असा की केस तोंडात. मला वाटलं, हे आपल्याला मिळालं, आपल्यासारख्यांना, भिंतीचे रंग विकून. छान वाटत होतं. आणि माझ्या बाजूला धाकटा तेवढं एकच विचारत होता की आई कुठंय.

ह्यांनी व्हिडिओ कॉल लावला. सासूबाई फोन नेहमीसारखा हनुवटीखाली धरून बसलेल्या. “जेवला का माझा राजा?” एवढं त्या म्हणाल्या आणि चित्र थांबलं. तोंड अर्धं उघडं, एक डोळा मिटलेला. मग तेही गेलं. किनारा लांब गेल्यावर नेटवर्क जातं हे कुणी आम्हाला सांगितलंच नव्हतं. धाकट्यानं असा हंबरडा फोडला की लोक वळून बघायला लागले. जेवायला गेलो तर तिथं शंभर पदार्थ मांडलेले, तो एकाला शिवला नाही. हातातली ती एक दशमी कुरतडत बसला. मी घास केला की तोंड फिरवायचा. शेवटी रडून रडून तो ह्यांच्या बाजूला झोपला आणि मी दुसऱ्या कडेला पाठ करून पडले. सासूबाईंचं खरं झालं, असं मनात आलं आणि स्वतःचाच राग आला.

सकाळी धाडकन आवाज होऊन जाग आली. जहाज एका कुशीवर कललं होतं. फार नाही, पण माझ्या पाणीसाठ्याला तेवढं पुष्कळ झालं. आधी पेले गेले. मग बर्फाचं भांडं. स्टँडवरचा कचऱ्याचा डबा हळूहळू सरकत कडेला आला, क्षणभर थांबला, आणि सरळ ह्यांच्या उघड्या बॅगेत पालथा झाला. मी कपाटाकडं धावले, दार उघडलं, तर एक पिशवी फळीवरून घरंगळत येऊन माझ्या डोक्यावरच फुटली. दुसरी कोटावर. मी नखशिखांत भिजलेली, कोटाच्या बाह्यांतून धारा लागलेल्या, गालिच्यावर तळं, आणि त्या तळ्यातून सासूबाईंचा दशम्यांचा डबा गडगडत पलंगाखाली चाललेला.

आणि मग धाकटा हसला. पलंगावर उभा राहून, माझ्याकडं बोट दाखवून, असा खदखदून हसला की त्याला धड उभं राहता येईना. धपकन खाली बसला, पुन्हा माझ्याकडं बघितलं, पुन्हा हसला. मला आधी चिडायचं होतं. पण त्याचं ते हसणं माझ्यामुळं होतं, माझ्याकडं बघून होतं, आणि ते मी आजवर दुसऱ्यांच्या मांडीवरच बघितलं होतं. मीही हसायला लागले. ह्यांनी भिजलेला कोट उचलून पिळला तेव्हा तर आम्हाला श्वास घेता येईना.

खोल्या आवरणारा माणूस टॉवेलांचा ढीग घेऊन आला. त्यानं विचारलं काय झालं, तर थोरलीनं अगदी गंभीर चेहऱ्यानं सांगितलं, “हमारी मम्मी लातूर की है.” त्याला काय कळणार? पाणी संपेल म्हणून भरलं होतं, असं ह्यांनी समजावल्यावर तो हसला आणि म्हणाला, जहाज समुद्राच्याच पाण्यातून गोडं पाणी बनवतं, कितीही वापरा. मला ते ऐकून इतकं बरं वाटलं ना! जगात अशी एक जागा आहे जिथं नळ कधीच जात नाही, आणि मी तिथं आहे.

गालिचा पुसून झाला तरी धाकटा माझ्यामागं मागं. “मम्मी, तू का भरलं पाणी?”

मी त्याला पलंगावर बसवलं आणि सांगायला लागले. लातुरात आमच्या गल्लीत पाणी कधी येईल याचा नेम नसायचा. आठ दिवसांनी, कधी पंधरा दिवसांनी. नळाला नुसती हवा फुसफुसायला लागली की गल्लीच्या टोकाची कुणीतरी बाई ओरडायची, “पाणी सुटलं ऽऽ!” की सगळी गल्ली पळत सुटायची. जेवत असाल तर ताट टाकायचं. अंगाला साबण असेल तर तसंच यायचं. आधी प्यायच्या घागरी, मग ड्रम, मग बादल्या, मग पातेली, कुकर, दुधाचं भांडं, हाताला लागेल ते. मी सगळ्यांत लहान, म्हणून माझ्याकडं तांब्या. मी तांब्या घेऊन नळापासून आतल्या खोलीपर्यंत पळायची, निम्मं सांडायची आणि आईच्या शिव्या खायची.

तो तोंड उघडं टाकून ऐकत होता. मग विचारलं, “मम्मी, तू ल्हान होतीस?”

“हाव. तुझ्याएवढी.”

त्यानं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. तोवर त्याला मी अशी कधी भेटलेच नव्हते. संध्याकाळी थकून येणारी, पर्स ठेवणारी, अभ्यास झाला का विचारणारी बाई, एवढीच मी त्याला माहीत.

“मग ओरड ना,” तो म्हणाला.

मी ओरडले. दबक्या आवाजात नाही, गल्लीत ओरडतात तसंच. “पाणी सुटलं ऽऽ!” तो उडी मारून उठला, पेला घेतला आणि न्हाणीत पळाला. मी नळ सोडला. त्यानं पेला भरला, पळत आला, निम्मं सांडलं, उरलेलं दशम्यांच्या डब्यात ओतलं, पुन्हा पळाला. थोरली म्हणाली, “काय बालिशपणा आहे हा,” आणि दोन फेऱ्या झाल्यावर तीही पेला घेऊन आली. नंतर तोच खेळ वर तलावाच्या काठी. पोरं आमच्याकडं बघायला लागली, मग त्यांतली काही प्लास्टिकचे पेले घेऊन खेळात आली. कुठल्या कुठल्या गावची ती पोरं, ओरडत होती मात्र लातूरच्या गल्लीतलं.

दमून बसल्यावर मला आठवलं आणि मी त्याला सांगितलं, पाणी भरून झालं की आमची आई आम्हाला ओळीत उभं करून म्हणायची, हात पुढं करा. आणि प्रत्येकाच्या मुठीत शेंगदाणे न् गूळ. ती आमची मजुरी. तो लगेच हात पुढं करून उभा राहिला. आता जहाजावर शेंगदाणे न् गूळ कुठून आणू? मी जेवणाच्या दालनात पळाले, भाजलेले काजू, मनुका, पोळीचा तुकडा, जे गोड दिसलं ते ताटलीत घेतलं. त्याच्या मुठीत दिलं, त्यानं खाल्लं. पुन्हा हात पुढं. मग मी मूठ नाही भरली, घास केला आणि तोंडासमोर धरला. त्यानं तोंड उघडलं. वरण-भात, बटाट्याची भाजी, शेवटी दही. उगाच नजर लागायची म्हणून मी नुसता पुढचा घास करत राहिले.

दुपारनंतर समुद्र थोडा चढला. खूप लोक आडवे झाले. धाकट्याचा चेहरा पांढरा पडला. “मळमळतंय,” म्हणाला. हे जवळ होते, त्यांनी हात पुढं केले, “ये, पप्पाकडं ये.” तो वळला. माझ्या गळ्यात दोन्ही हात टाकले, तोंड माझ्या मानेत खुपसलं आणि भडाभडा ओकला. माझ्या नव्या ड्रेसवर, बक्षिसाच्या कार्यक्रमासाठी घेतलेल्या. सांगायला बरं दिसत नाही, पण मला इतका आनंद झाला! अंगावरून घाण ओघळतेय आणि मी त्याची पाठ चोळत म्हणतेय, ओक बाळा, ओक, मी आहे ना. हे रुमाल घेऊन पुढं आले तर मी त्यांना हातानंच थांबवलं.

कार्यक्रमाला हे साध्या शर्टावर गेले. कोट न्हाणीत टपकत होता. थोरली माझ्याऐवजी बापाबरोबर मिरवत गेली. मी खोलीतच राहिले. धाकटा माझ्या दंडावर डोकं ठेवून झोपला, एक पाय माझ्या पोटावर, माझ्या ओढणीचं टोक मुठीत. जहाज हळूहळू डुलत होतं. हाताला मुंग्या आल्या तरी मी हात काढला नाही. बक्षिसात काय मिळालं ते मला दुसऱ्या दिवशी कळलं. पितळी जहाज, काचेच्या पेटीतलं.

गोव्याला वाळूत खड्डे केले, नारळपाणी प्यालो, सगळ्यांचे फोटो काढले. तिथं फोन लागला. धाकट्यानं सासूबाईंना एका दमात सगळं सांगितलं, पाणी सुटलं, पप्पाचा कोट, मम्मी भिजली, मी ओकलो.

“आन् जेवतोस का न्हाई रे?” सासूबाईंनी विचारलं.

“मम्मीनं चारलं.”

त्या म्हणाल्या, “बरं झालं.” मला जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं. थोडं वाटलंही.

नांदेडला परत आलो तेव्हा सासूबाई फाटकातच उभ्या होत्या, हातात भाकरतुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन. प्रवासातून आलेल्या माणसावरून ओवाळून टाकल्याशिवाय त्या आत घेत नाहीत. रिक्षा थांबायच्या आत धाकट्यानं उडी मारली आणि पळत जाऊन त्यांच्या कमरेला मिठी घातली. तांब्यातलं पाणी हिंदकळलं. त्यांनी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला, पाठीवरून फिरवला, गाल चाचपून बघितले. “वाळला ग माझा राजा,” म्हणाल्या. तीन दिवसांत कशाचा वाळतोय? उलट गाल वर आले होते. मी बॅगा उतरवल्या. रात्री तो त्यांच्याच कुशीत झोपला. मी मनाशी म्हटलं, ठीक आहे. जहाजावरचं जहाजावर. मला एकदा पाहिजे होतं, एकदा मिळालं. आणि खरंच, मी समाधानानं झोपले.

सोमवारी सकाळी मी डबा भरला, पर्स घेतली, चप्पल घातली. एरवी या वेळी तो झोपेत असतो. कधी जागा असलाच तर सासूबाईंच्या कडेवरून मला टाटा करतो आणि माझी पाठ वळायच्या आत आत पळतो. त्या दिवशी तो अनवाणी अंगणात आला आणि माझी ओढणी धरली.

“कुठं चाललीस?”

“कचेरीत, बाळा.”

“न्हाई जायचं.”

“संध्याकाळी येते ना. खाऊ आणते.”

“न्हाई! मम्मी, न्हाई जायचं!” आणि तो रडायला लागला. हट्टाचं रडणं नव्हे ते. जहाजावर आईसाठी हंबरडा फोडला होता ना, तसं, पोटातून. जमिनीवर बसला, माझ्या पायाला मिठी मारली. चार वर्षांत तो माझ्यासाठी कधी रडला नव्हता. हेच मी मागितलं होतं. आणि आता ते दारात उभं होतं, आणि मला बस गाठायची होती.

मी खाली वाकले. माझेही डोळे वाहायला लागले. सासूबाई आतून आल्या. त्यांनी त्याला उचललं, तो त्यांच्या हातांतून माझ्याकडं झेपावत होता, त्यांच्या दंडावर गुच्चे मारत होता. मला वाटलं, आता त्यांना लागलं असेल. मी त्यांच्याकडं बघायला धजेना.

“ह्याचा बाप बी असाच रडायचा,” त्या म्हणाल्या. “आपलं नायगावकडचं रान होतं तवा. खुरपायला जाताना माझ्या सासूपाशी टाकून जायची मी. लई रडायचा. बांधापर्यंत ऐकू यायचं.”

हे त्यांनी मला कधी सांगितलं नव्हतं. मी विचारलंही नव्हतं.

त्यांनी त्याला दुसऱ्या कडेवर घेतलं, त्याचे दोन्ही हात आपल्या एका हातात धरले. “जा तू. मागं बघू नको, पोरी. मागं बघितलं की पाय निघत न्हाईत. मला म्हाईत हाय.”

मी निघाले. फाटक लावलं. मागं बघितलं नाही. बसला उशीर होत होता, तरी कोपऱ्यापर्यंत मी हळूहळू चालले, त्याचं रडणं ऐकू येत होतं तोवर.